ओपन सोर्स लायब्ररीत आंदोलनाचा मेसेज टाकावा का? पार्टनरसोबत वाद होऊन राहिला, सल्ला पायजे

संत्रा_कोडर:

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, दिवसा परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करतो अन् रात्री जेवण झाल्यावर एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (दुसऱ्यांच्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड, कोणालाही पाहायला-वापरायला मोकळा) सांभाळतो. तिचं काम एकच, आकडा द्या, मराठीत अक्षरी रक्कम घ्या. १,२५,०५९ टाकलं की एक लाख पंचवीस हजार एकोणसाठ. मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे, दोन तुकडे जोडून काम भागत नाही, पूर्ण टेबल हातानं भरावं लागते, म्हणून लोकं तयार लायब्ररी घेतात. दोन पतसंस्था, एक दालमिल अन् एका कॉलेजची फी पावती यात ती चालते हे माहीत आहे कारण तिथल्या पोरांनी इश्यू, म्हणजे चुकांच्या तक्रारी, टाकले होते (एकोणनव्वद चुकीचं येऊन राहिलं वगैरे). बाकी कोण कोण वापरते काहीच कल्पना नाही.

मी अन् माझा कॉलेजपासूनचा मित्र, दोघं मिळून सांभाळतो, मर्ज करायचा, म्हणजे बदल कोडमध्ये घ्यायचा, हक्क दोघांनाही. आता त्यानं एक पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्यायचा प्रस्ताव) टाकली आहे. आमच्या भागात रस्ता रुंद करायसाठी जुनी झाडं तोडायचं चाललं आहे, विरोधात सह्यांची मोहीम सुरू आहे, तर लायब्ररी लोड झाली की तीन ओळींचा मेसेज अन् सह्यांची लिंक स्क्रीनवर छापायची असं त्याचं म्हणणं. पहिले त्यानं इन्स्टॉलच्या वेळी दाखवून पाहिलं, पण एनपीएम या इन्स्टॉल करायच्या टूलच्या ७ व्या व्हर्जनपासून इन्स्टॉल स्क्रिप्टनं छापलेलं एरवी समोर येतच नाही, म्हणून आता प्रोग्राम सुरू होताना छापू म्हणते.

एक साफ सांगतो, झाडांच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूनं आहे. सही केली, दोन रविवार तिथं जाऊन उभा पण राहिलो. तरी त्या पुल रिक्वेस्टवर ॲप्रूव्ह दाबायला हात होत नाही अन् काऊन होत नाही हे त्याला नीट सांगता येत नाहीये. तो म्हणते ओपन सोर्स म्हणजेच राजकारण, गप्प बसणं ही पण एक बाजू घेणंच, अन् युक्रेन युद्धाच्या वेळी रिॲक्ट या मोठ्या लायब्ररीच्या साइटवर मदतीचा बॅनर लागला तेव्हा तू काही बोलला नाहीस. चार दिवस झाले आमचं नीट बोलणं नाही. प्रोजेक्टनं अशी भूमिका घ्यावी का, अन् घ्यायची तर कुठपर्यंत? ज्यांनी असं काही सांभाळलं आहे त्यांनी प्लीज सांगा.


रातपाळी_डेव्हऑप्स:

भाऊ मर्ज करू नको. राजकारण नंतर पाहू, पहिले तुझी लायब्ररी कुठं चालते ते पाहा. दालमिलवाल्या पोरानं स्क्रिप्टचं आउटपुट सरळ प्रिंटरला पाइप केलं, म्हणजे थेट तिकडे वळवलं असेल (छोट्या ठिकाणी हेच असते, मी स्वतः अशी तीन-चार सेटअप लावून दिली आहेत) तर तुमच्या तीन ओळी उद्या सकाळी शेतकऱ्याच्या पावतीवर रकमेच्या वर छापून येतील. फोन तुला नाही येणार, त्या पोराला येईल, ज्यानं तुझ्या भरवशावर लायब्ररी घेतली.

अन् युक्रेनचं उदाहरण तो देऊन राहिला तर पूर्ण द्यायला सांग. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी नावाच्या पॅकेजमध्ये त्याच्या मेंटेनरनंच, म्हणजे सांभाळणाऱ्यानंच, कोड घातला की मशीनचा आयपी रशिया किंवा बेलारूसचा दिसला की फाइल्समध्ये असेल ते पुसून हार्टचा इमोजी लिहायचा. नंतर ते काढलं अन् डेस्कटॉपवर युद्धविरोधी मजकुराची फाइल टाकणारं दुसरं पॅकेज आत जोडलं, ते व्ह्यू सीएलआय हे वेबसाइट बनवायचं टूल वापरणाऱ्यांपर्यंत गेलं, कोणत्याही देशातले का असेना, त्यांना असं काही आहे हे माहीतही नव्हतं. फाइल पुसणाऱ्या त्या कोडची नोंद सुरक्षेतल्या भगदाडांच्या यादीत झाली, सीव्हीई-२०२२-२३८१२. आयपीवरून माणसाचा देश ओळखणं किती कच्चं काम आहे हे आपल्याला माहीत आहे, व्हीपीएन लावला की देश बदलला. अन् रशियात बसून युद्धाला विरोध करणारा पोरगा पण रशियाच्याच आयपीवर बसलेला असते ना.

आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात दोन रात्री आम्ही लॉकफाइली तपासत बसलो होतो, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कोणतं पॅकेज कुठून आत आलं ते एकेक करून. आमचं काही गेलं नाही. पण त्यानंतर वरून ऑर्डर आली की सगळी व्हर्जन पिन करा अन् विचारल्याशिवाय काहीच अपडेट करायचं नाही. आता बघ, डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं तेव्हा आम्हीच गळा सुकेपर्यंत सांगत होतो की अपडेट करा, लगेच करा, अन् तीन महिन्यांत उलटं सांगायची पाळी आली. आजही एखादा सिक्युरिटी पॅच आमच्याकडे उशिरा लागतो त्याचं मूळ त्या दोन रात्रीत आहे. मेंटेनरनं एकदा आपलं मत दुसऱ्याच्या मशीनमध्ये घुसवलं की लोकं अपडेट घेणंच सोडतात, अन् त्याचा फटका ज्यांनी काहीच केलं नाही अशा लायब्रऱ्यांनाही बसते.

तीन ओळी अन् फाइल पुसणं सारखं नाही हे मला कळते. पण तुझ्या युजरला तीन ओळी आहेत का तीनशे हे अपडेट घ्यायच्या आधी कसं कळणार?


धरमपेठची_लिनक्सताई:

रातपाळी दादांचं प्रिंटरचं म्हणणं एकदम पटलं. पण यातून ‘प्रोजेक्टनं राजकारणापासून लांब राहावं’ असं कोणी काढणार असेल तर मी थांबवते, कारण मी ज्या गोष्टी रोज शिकवते त्या राजकारण केल्याशिवाय आपल्यापर्यंत आल्याच नसत्या.

रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये जीएनयू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात असावं या भांडणातूनच. जीपीएल हे त्यांचं लायसन्स उघडून वाचा, तो पूर्ण हक्कांचा कागद आहे. आपल्या देशातलंच घ्या. डिसेंबर २००४ मध्ये पेटंट कायद्यात बदल करणारा वटहुकूम आला, त्यात सॉफ्टवेअरला पेटंट मिळायची वाट बरीच मोकळी होत होती. फ्री सॉफ्टवेअरवाले लोक विरोधात उभे राहिले, खासदारांना भेटले, अन् २००५ मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा तो भाग गळाला. कलम ३(के) आजही सांगते की नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पेटंट ऑफिसच्या नव्या गाइडलाइन्समधून तेच मागच्या दारानं येऊन राहिलं होतं, पुन्हा विरोध झाला, डिसेंबरात त्या थांबवल्या अन् फेब्रुवारी २०१६ मध्ये बदलून आल्या. ही लढाई हरली असती तर आपल्यासारख्या रात्री बसून लायब्ररी लिहिणाऱ्यांना पहिले वकील शोधावा लागला असता. त्याच काळात नेट न्यूट्रॅलिटीसाठी (नेटवर सगळ्या साइट्सना सारखी वागणूक) ट्रायला, म्हणजे टेलिकॉम नियामकाला, १० लाखांवर ईमेल गेले, ते पाठवणाऱ्यांत आमच्या क्लासच्या पोरी होत्या, मी स्वतः बसून त्यांच्याकडून मसुदा वाचून घेतला होता, कशावर सही करतोय ते समजूनच.

आणि आता माझा अनुभव. मी बायकांसाठी अन् दहावी-बारावीच्या मुलांसाठी कॉम्प्युटर क्लास घेते, जुनी मशीनं, सगळं फुकटातलं सॉफ्टवेअर. २०२२ मध्ये एक दिवस व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइटच उघडेना. मला वाटलं आपलंच नेट खराब. नंतर कळलं की भारतात ती साइट ब्लॉक आहे, फेब्रुवारीपासूनच. कारण कोणी सांगेना. मुलांनी काय केलं, सर्च करून दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून व्हीएलसी म्हणून जे मिळालं ते उतरवलं अन् चार मशीनमध्ये जाहिरातींचा कचरा भरला, पुसून पुन्हा इन्स्टॉल करण्यात माझा अख्खा रविवार गेला. ऑक्टोबरात व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅननं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली की ब्लॉकच्या ऑर्डरची प्रत द्या, आमचं म्हणणं ऐका. नोव्हेंबरात बंदी उठली. ‘आम्ही प्लेअर बनवतो, आम्हाला राजकारणाशी काय घेणं’ असं म्हणून ते गप्प बसले असते तर? ती नोटीस त्यांनी माझ्या मुलांसाठी पाठवली असं मी मानते.

म्हणून संत्रा दादा, तुमच्या मित्राचा ‘ओपन सोर्स म्हणजे राजकारण’ हा भाग बरोबर आहे. चुकते ते पुढच्या उडीत. आपल्या सॉफ्टवेअरवर, ते वापरणाऱ्यांच्या हक्कावर घाला आला तर प्रोजेक्टनं आवाज केलाच पाहिजे, आपल्या नावानं, उघड. झाडांसाठी तुम्ही दोघं नागरिक म्हणून जा, मला पण बोलवा, मी येते.


चाळीस_वर्षे_कोड:

ताई, आपल्याबद्दल आदर ठेवून बोलतो, मी याच्या उलट बाजूचा आहे. कोबॉलपासून सुरुवात केली, आता रिटायर आहे, अजून एका छोट्या प्रोजेक्टचे पॅच (कोडमधले बदल) तपासतो.

त्या प्रोजेक्टमध्ये आम्ही नऊ जण आहोत. एक जण इराणचा, एक अमेरिकेत, एक केरळचा, बाकी इकडेतिकडे. मला त्यांची मतं माहीत नाहीत अन् माहीत करून घ्यायची नाहीत, कारण त्यामुळेच आम्ही नऊ जण अकरा वर्षं एकत्र आहोत. प्रोजेक्टच्या नावानं एक वाक्य टाकलं की ते नऊ जणांच्या तोंडी घातलं जाते. नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर घ्या, त्याचं वजन मोठं म्हणून त्याला झेपलं. २०१५ मध्ये हल्ला झालेल्या शार्ली एब्दो या फ्रेंच साप्ताहिकाच्या पाठिंब्याची आवृत्ती काढली अन् साइट हॅक झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका आवृत्तीला चीनमधल्या उइगुर लोकांच्या स्वातंत्र्याचं नाव दिलं तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्यांच्या इश्यूमध्ये शिव्यांचा पूर आला, खरे बग त्यात बुडाले. मी त्या माणसाच्या धैर्याला नावं ठेवत नाही, प्रोजेक्टही प्रामुख्यानं त्याच्या एकट्याचा आहे. पण जिथं दहा जणांचे हात लागले आहेत तिथं हा हक्क कोणाला?

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेंटेनर यादीतून रशियाशी संबंध असलेली जवळपास डझनभर नावं एका पॅचमध्ये गेली. वर्षानुवर्षं ड्रायव्हर सांभाळणारी माणसं. तो पॅच वाचला त्या दिवशी मला झोप लागली नाही. राजकारण आत आलं की पहिला बळी असा माणूस पडतो.

नागपूरकरांना सांगायला नको, दर डिसेंबरात अधिवेशन येते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. निघावेत, लोकशाही आहे. पण मोर्चाला जागा ठरलेली आहे. कोणी तो माझ्या स्वयंपाकघरातून नेत नाही.


धरमपेठची_लिनक्सताई:

काका, लिनक्सच्या त्या पॅचचं मलाही वाईट वाटलं. पण ते प्रोजेक्टनं आंदोलन केल्यामुळे झालं का? निर्बंधांच्या कायद्यामुळे झालं, हो ना. तुमचा इराणचा साथी, त्याला विचारा जुलै २०१९ मध्ये गिटहबनं अमेरिकन निर्बंधांपायी इराणमधल्या लोकांची खाती कशी अडवली होती, प्रायव्हेट रिपॉझिटरी (कोडचे खासगी संग्रह) बंद झाल्या होत्या. त्या पोरांनी कोणताच झेंडा हातात घेतला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये ते परत सुरळीत झालं ते गिटहबनं अमेरिकी सरकारकडे मागे लागून लायसन्स मिळवलं म्हणून. म्हणजे मागणी करावी लागली, बोलावं लागलं. तुम्ही राजकारणात जा नका जाऊ, ते तुमच्या नऊ जणांपर्यंत येणारच, अन् येईल तेव्हा इराणच्या त्या माणसासाठी बाकीच्या आठ जणांनी बोलायचं की नाही?


चाळीस_वर्षे_कोड:

त्याच्यासाठी बोलेन. हे मात्र खरं आहे, त्याच्यासाठी नक्की बोलेन. तेव्हा त्यानं मला मेल केली होती अन् मी नुसतं ‘धीर धर’ लिहून पाठवलं होतं, आज वाचून ते कमी वाटतंय.


संत्रा_कोडर:

सगळ्यांचे आभार, खरंच, एवढं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. प्रिंटरचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, दालमिलवाल्या पोराला आत्ता मेसेज करून विचारलं, आउटपुट सरळच प्रिंटरला जाते म्हणाला.

अजून एक विचारतो. मित्र मध्ये असंही म्हणाला होता की मेसेज नको तर लायसन्समध्येच टाकू, जे कंत्राटदार झाडं तोडतात त्यांनी ही लायब्ररी वापरायची नाही. असं करता येते का?


कलम_वाचणारा:

करता येते, पण मग ती ओपन सोर्स राहत नाही. ओपन सोर्सच्या व्याख्येतले दोन मुद्दे वाच, पाचवा अन् सहावा. कोणत्याही व्यक्ती वा गटाला वगळायचं नाही, अन् कोणत्याही कामासाठी वापरायला मनाई करायची नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लर्ना या प्रोजेक्टनं हेच केलं होतं, अमेरिकेच्या आयसीई या इमिग्रेशन खात्यासोबत काम करणाऱ्या कंपन्यांची यादी लायसन्समध्ये टाकली की यांना परवानगी नाही. एक-दोन दिवसांत मागे घ्यावं लागलं. हेतू चांगला होता, मुलांना आईबापापासून वेगळं करत होते त्याचा राग होता. पण ज्यांनी कोड दिला त्यांनी एमआयटी हे मोकळं लायसन्स पाहून दिला होता, मागून अट कशी घालणार? अन् जुनी व्हर्जनं जुन्या लायसन्सवर कायम लोकांकडे राहतातच, ती कोणीही फोर्क करू शकते, म्हणजे प्रत घेऊन वेगळी चालवू शकते, म्हणजे ज्याला अडवायचं तो अडतच नाही. अडते कोण, तर तुझ्या पतसंस्थेतला तो प्रामाणिक माणूस, जो अट वाचून घाबरतो.

जेसन या डेटा लिहायच्या फॉरमॅटच्या मूळ कोडच्या लायसन्समध्ये एक ओळ होती, हे सॉफ्टवेअर भल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही. एवढ्याशा ओळीमुळे डेबियन या लिनक्सवाल्यांनी तो कोड आपल्या मुख्य संग्रहात घेतला नाही, कारण भलं-वाईट ठरवणार कोण.

रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, काय लिहायचं ते लिही. विम हा एडिटर उघडला की पहिल्या स्क्रीनवर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ येते, कित्येक वर्षांपासून येते, मी तिच्यामुळेच एकदा पैसे पाठवले होते. कोणाच्या फाइलीत ती ओळ घुसत नाही, फाइल नाव देऊन उघडली तर दिसतही नाही.


महालचा_बडग्या:

मी महालात वाढलो तर मला हे मारबतीवरून समजते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते, सोबत बडगे, हेही पुतळेच, प्रत्येक बडग्याच्या गळ्यात पाटी, महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग असेल तो. घेऊन जा गे मारबत म्हणत पूर्ण शहर रस्त्यावर असते. मी लहानपणापासून पाट्या रंगवल्या, त्यातल्या काहींवर माझ्या बापाचंच मत वेगळं होतं, घरी वाद पण झाले. पण तो बडगा आम्ही ज्याच्या त्याच्या घरात नेऊन उभा नाही करत. रस्त्यावर निघते, दिवस सगळ्यांना माहीत, पाहायचं तो गच्चीतून पाहते, नाही पाहायचं तो घरात बसते. अन् बडगा कोणत्या मंडळाचा आहे ते पण माहीत असते, लपून काही नाही. तुमच्या मेसेजमध्ये मला हेच खटकलं. ज्याला पावती छापायची आहे त्याला हो-नाही म्हणायची जागाच ठेवली नाही.


रातपाळी_डेव्हऑप्स:

बरोबर बोलला भाऊ, हेच मला म्हणायचं होतं अन् मी सीव्हीई नंबरात अडकलो.


पुल_रिक्वेस्टवाला:

तो मित्र मी. त्यानं लिंक पाठवली, रात्री सगळं वाचलं.

पावतीचं मी मानतो, चुकलं. मी टेस्ट माझ्या टर्मिनलवर केली होती, पाइप करून पाहिलंच नाही. पुल रिक्वेस्ट मीच बंद केली आत्ता. लायसन्सचं पण सोडलं.

पण माझं पण ऐका. सगळे म्हणून राहिले की सॉफ्टवेअरचा विषय असेल तर बोला, झाडांचा असेल तर नागरिक म्हणून वेगळं बोला. मी वेगळं बोलूनच राहिलो होतो, दोन महिने. अर्ज दिले, रविवारी उभे राहिलो, व्हॉट्सॲपवर पाठवून पाठवून घरचेच लोक म्युट करून बसले. माझ्याजवळ लोकांपर्यंत पोचायचा रस्ता म्हणून ही एकच गोष्ट होती जी मी स्वतः बनवली, ज्यात माझे पाच वर्षांचे रविवार आहेत. म्हणून तिकडे हात गेला. कोड चुकला तर आपण रिव्हर्ट करतो, पूर्वीसारखा करतो, माझ्या आजोबांच्या वेळचा तो कडुनिंब रिव्हर्ट होत नाही. मोठ्या प्रोजेक्टला फाउंडेशन आहे, वकील आहे, युरोपात सायबर रेझिलियन्स ॲक्ट हा सॉफ्टवेअर सुरक्षेचा कायदा येऊन राहिला होता तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या फाउंडेशन एकत्र येऊन पत्र लिहू शकल्या अन् २०२४ च्या कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी तरतूद झाली. आम्हा दोघांच्या लायब्ररीचं पत्र कोण वाचणार. छोट्या माणसाकडे जे असते तेच तो वापरते, हे पण लक्षात घ्या. राजकारण लांब ठेवा म्हणणं काकांना सोपं आहे, त्यांच्या दारासमोर मार्किंग केलेलं झाड नाही.


चाळीस_वर्षे_कोड:

बेटा, माझ्या दारासमोर नाही हे खरं. सह्यांची लिंक इथं टाक, मी करतो अन् माझ्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपलाही देतो, आम्ही वीस-पंचवीस म्हातारे आहोत, सगळ्यांना वेळ भरपूर. प्रोजेक्टबाबत मात्र माझं मत तेच आहे.


संत्रा_कोडर:

अपडेट देतो. आज संध्याकाळी अंबाझरीवर भेटलो दोघं, दोन तास बोललो, पहिला अर्धा तास भांडलोच. ठरलं ते असं. लायब्ररीच्या कोडमध्ये, इन्स्टॉलमध्ये, एररमध्ये कुठंच पावती अन् आकड्याशिवाय काही छापायचं नाही, हा नियम कॉन्ट्रिब्यूटिंगच्या (कोड देणाऱ्यांसाठीच्या नियमांच्या) फाइलीत लिहिला, पुढे माझ्या मनात एखादा मुद्दा आला तर मलाही लागू. रीडमीच्या शेवटी ‘मेंटेनरकडून’ म्हणून एक भाग, त्यात आम्ही दोघं आपापल्या नावानं लिहू, प्रोजेक्टच्या नावानं नाही. झाडांबद्दल त्यानं लिहिलं, खाली मी सही केली. अन् पेटंट, साइट ब्लॉक, मराठी फॉन्ट-युनिकोड असा लायब्ररी वापरणाऱ्यांचा विषय असेल तर दोघांची सहमती झाल्यावर प्रोजेक्टच्या नावानं बोलायचं. सहमती नाही झाली तर काय, यावर तोडगा निघाला नाही. तो म्हणते बोलायलाच पाहिजे, मी म्हणतो थांबायचं. तिथंच सोडून घरी आलो.

ताई, रविवारी सकाळी ७ वाजता तिथं जमून राहिलो, तुम्ही येतो म्हणाल्या होत्या.


धरमपेठची_लिनक्सताई:

येते. क्लासच्या चार पोरी पण येतो म्हणाल्या, त्यांच्या घरी विचारून. आणि दादा, रीडमी आत्ता पाहिला, एकोणनव्वदचा इश्यू अजून उघडाच आहे, तेवढा बंद करा, माझी एक विद्यार्थिनी पतसंस्थेत लागली आहे ती रोज हातानं दुरुस्त करते.